गरम झाली की बंद पडणारी बुलेट

परवा खंबाटकी घाटात काकांची 1974ची बुलेट अचानक बंद पडली. वीस मिनिटं थांबलो, इंजिन निवलं आणि पहिल्या किकला सुरू! पाच किलोमीटरवर पुन्हा तेच.

अशा वेळी जो तो कार्बोरेटर खोलायला सांगतो. थांबा.

आधी टाकीचं झाकण उघडा. हवेचं भोक बुजलं असेल तर पेट्रोल उतरत नाही. उघडताना ‘सूऽऽ’ आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर दोष तिथेच.

मग चावी लावून किक हाताने हळू दाबा आणि अँपिअर मीटर बघा. पॉइंट मिटले की काटा उणेकडे जातो, उघडले की मध्यावर येतो. आमचा काटा नीट हलत होता.

म्हणून अंधार पडल्यावर पॉइंटचं झाकण काढून किक मारली. पॉइंटमध्येच निळी, जाड ठिणगी! प्लगवर मात्र पिवळट, मरतुकडी.

हे कंडेन्सरचं लक्षण. पॉइंट उघडताना कॉइलचा प्रवाह झटक्यात तुटावा लागतो. ते काम कंडेन्सरमुळे साधतं. आतलं इन्शुलेशन जुनं झालं की तापल्यावर तो दगा देतो, निवला की पुन्हा शहाणा. कॉइलही असाच त्रास देते, पण कंडेन्सर स्वस्त, म्हणून तो आधी बदलावा.

नवा बसवला, जळके पॉइंट घासले, फिलर गेजने 0.38 मिमी फट ठेवली. काल वाईपर्यंत जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही.

तुमची जुनी गाडी कुठे अडते? लक्षणं सविस्तर लिहा, मिळून शोधू.