आंतरजालाची शिदोरी

पूर्वी लांबच्या प्रवासाला निघणारा मनुष्य दशमी-चटणीची शिदोरी बरोबर घेई आणि वाटेत ती पुरवून पुरवून खाई. आज ज्यांना प्रवासातही काम करावे लागते, ते आणखी एक शिदोरी बाळगतात. ती डोळ्यांना दिसत नाही; परंतु तीही मोजकीच असते. ही शिदोरी म्हणजे मोबाइलमधील डेटा होय.

मोबाइल हा जवळच्या मनोऱ्याशी रेडिओलहरींच्या द्वारे जोडलेला असतो. त्यातील ‘हॉटस्पॉट’ सुरू केला, की तो शेजारच्या संगणकाला वायफायच्या लहरींनी आंतरजालाशी जोडून देतो. पाटाचे पाणी चारीतून वाफ्यात जावे, तसाच हा प्रकार. काम संगणक करतो. खर्च मात्र मोबाइलच्या डेटाचा होतो.

डेटा केबी, एमबी व जीबी या मापांनी मोजतात. सुमारे १,००० केबी म्हणजे एक एमबी आणि १,००० एमबी म्हणजे एक जीबी. अनेक स्वस्त योजनांत दिवसाला एक किंवा दीड जीबी डेटा मिळतो. तो संपला तरी सेवा बहुधा बंद पडत नाही. पण वेग पुष्कळदा सेकंदाला ६४ किलोबिटांवर उतरतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला अवघे ८ केबी!

गेल्या वर्षी मी व माझी पुतणी एस. टी.ने कोल्हापूरहून रत्नागिरीस चाललो होतो. पुतणी मुद्रितशोधनाचे काम करते. एका पुस्तकाच्या बारा पृष्ठांवरील दुरुस्त्या सायंकाळपूर्वी मुद्रणालयात पोचावयाच्या होत्या. न पोचल्यास पुस्तक चुकांसह छापले जाणार होते. तिने पृष्ठांची छायाचित्रे काढली; परंतु मलकापूर आले तरी ती जाईनात. दिवसाचा सारा डेटा संपला होता! हॉटस्पॉटला जोडलेल्या संगणकाने आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती गुपचूप उतरवून घेतली होती. घरची जोडणी कोणती आणि वाटेवरची मोजकी जोडणी कोणती, हे संगणकाला नेहमीच उमगत नाही. ते त्याला आधी सांगून ठेवावे लागते.

पैसे भरून जादा डेटा घेता आला असता. परंतु पुतणी म्हणाली, “काका, आधी हिशेब करू या.” मुलांनो, तो तुम्हीही करून पाहा. एक छायाचित्र सुमारे ४ एमबींचे. बारांचे झाले ४८ एमबी, म्हणजे ४८,००० केबी. सेकंदाला ८ केबी या वेगाने लागणार ६,००० सेकंद, म्हणजे शंभर मिनिटे! शिवाय पुढे आंबा घाट होता आणि डोंगरांच्या आड लहरी अडतात.

“पण मुद्रणालयाला छायाचित्रे कशाला हवीत? हव्यात त्या दुरुस्त्या!” ती उद्गारली. मग मी पृष्ठ, ओळ, अशुद्ध शब्द व शुद्ध शब्द वाचून दाखवू लागलो आणि ती संगणकावर लिहू लागली. लिहिण्यास डेटा लागत नाही. तो पाठविण्यास लागतो. त्यामुळे घाट उतरेपर्यंत आमचे काम पुरे झाले. साखरप्याला लहरी पुन्हा मिळाल्या. ४० केबींच्या त्या पत्रास हिशेबाने पाच सेकंद हवे होते. प्रत्यक्षात थोडे अधिक लागले, पण पत्र वेळेवर पोचले.

तेव्हापासून पुतणी निघण्यापूर्वीच लागणारी कागदपत्रे घरी उतरवून घेते आणि संगणकाची आपोआप होणारी कामे थांबवून ठेवते. उत्तम दर्जाचे चलच्चित्र तासाभरात दोन-तीन जीबी डेटा खाऊन टाकते, म्हणून वाटेत ती ते पाहत नाही. परक्याने आपल्या शिदोरीत हात घालू नये, यासाठी हॉटस्पॉटला ती सहज न ओळखता येणारा सांकेतिक शब्द देते आणि काम संपताच तो बंद करते. कारण त्याने मोबाइलची बॅटरीही लवकर उतरते.

शिदोरी लहान असली म्हणून प्रवास अडत नाही. आपल्याजवळ किती आहे आणि कोणत्या कामाला किती लागते, हे ज्याला ठाऊक असते, त्याला थोडेही पुरते.