खून कशाला म्हणायचं?

१८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचं प्रकरण आलं. त्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारली, तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर दोन-तीन जोरदार ठोसे लगावले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. हा खून की नुसता सदोष मनुष्यवध, यावर दोन न्यायमूर्तींचं जमेना, म्हणून प्रकरण तिसऱ्याकडे, न्या. मेल्व्हिल यांच्याकडे गेलं.

भारतीय दंड संहिता लागू होऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. कलम २९९ मध्ये सदोष मनुष्यवध, ३०० मध्ये खून, आणि दोन्हींची भाषा इतकी जवळची की वकीलही गोंधळावेत. एकीकडे ‘मृत्यू संभवतो’ अशी इजा, दुसरीकडे ‘निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी’ इजा. मेल्व्हिल यांनी दोन्ही कलमं शेजारी शेजारी मांडली आणि फरक मृत्यूच्या शक्यतेच्या कमीअधिकपणात आहे, असं दाखवून दिलं. आवळलेल्या मुठीच्या ठोशांनी मरण ओढवणं संभवतं, पण अटळ म्हणावं इतकं नाही, असा त्याचा मथितार्थ. गोविंदाला सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

छातीवर गुडघा घेऊन मेलेल्या त्या मुलीचा जीव किती स्वस्तात गेला, या विचाराने आजही चीड येते. तरीही मेल्व्हिल यांनी आखलेली रेघ पुढे टिकली, कारण तिच्याशिवाय हाणामारीतला प्रत्येक मृत्यू फाशीच्या दारात उभा राहिला असता.

अडचण निराळीच होती. मारणाऱ्याच्या मनात काय होतं, हे कुणी पाहिलेलं नसतं. १९५८ मध्ये विरसा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला उत्तर दिलं. पोटात भाल्याचा एकच घाव, त्यातून आतडी बाहेर आलेली. जीवघेणी जखम करायचा हेतू सिद्ध झालेला नाही, असा बचाव होता. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी तो खोडून काढला. झाली तीच जखम त्याला करायची होती का, एवढंच आरोपीच्या मनापुरतं पाहायचं. ती जखम मरणास पुरेशी होती की नाही, हे वैद्यकीय पुराव्यावरून ठरवायचं. मन वाचण्याच्या भानगडीतून न्यायालयाने स्वतःची बरीचशी सुटका करून घेतली.

नानावटी खटल्यात घड्याळ निर्णायक ठरलं. अचानक, तीव्र चिथावणीने तोल जाऊन मारलं, तर कायदा थोडी सूट देतो. पण २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातल्या कमांडर नानावटींनी आहुजांशी असलेल्या संबंधांची बायकोची कबुली ऐकल्यावर तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली आणि मगच आहुजांचं घर गाठून त्यांना गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, तरी उच्च न्यायालयाने दिलेली खुनाची शिक्षा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. डोकं थंड व्हायला तेवढा अवधी पुरेसा होता.

मग १९७६ चा पुन्नय्या निकाल. आंध्रातल्या गावगटांच्या वैरातून पंचावन्न वर्षांच्या एका माणसाला गाठून लाठ्यांनी झोडपलं गेलं. एकोणीस जखमा, बहुतेक हातापायांवर. दुसऱ्या दिवशी तो गेला. नाजूक जागी मारलं नाही म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा सौम्य ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या जखमा एकत्र जोखून तो खून ठरवला. याच निकालात न्या. सरकारिया यांनी सदोष मनुष्यवधाच्या तीन पायऱ्या स्पष्ट केल्या, आणि सर्वांत वरची, सर्वांत गंभीर पायरी म्हणजे खून.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. २९९ चं १०० झालं, ३०० चं १०१ आणि लोकांच्या तोंडी बसलेल्या ३०२ चं १०३. खुनाची व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी राहिली. नवं आहे ते १०३ चं दुसरं उपकलम: जात, वैयक्तिक श्रद्धा, भाषा, जन्मस्थान यांसारख्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला, तर त्या टोळीतल्या प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप.