कुठला घोडा लावलास?

रेसला जाणाऱ्या माणसाला चारचौघांत दोनच प्रश्न विचारले जातात: आजवर किती घालवलेस, आणि काही टिप आहे का? ‘तू घोडा निवडतोस कसा?’ असं सहसा कुणी विचारत नाही. सांगण्यासारखं खरं तर तिथेच असतं. तेच रेसचं पुस्तक, तेच दहा घोडे समोर ठेवून दहा माणसं दहा वाटांनी विचार करतात, आणि त्या वाटेवरून माणूस बऱ्यापैकी ओळखता येतो.

मराठी मध्यमवर्गीय घरात रेस म्हटलं की मटका, उधारी, गहाण पडलेले दागिने अशी माळ सुरू होते. ती खोटी नाही. अशी घरं होती आणि आजही आहेत. पण ठरलेली रक्कम खिशात घालून रविवारी जाणारा, ती संपली की चहा पिऊन लोकल पकडणारा रेसकरीही याच शहरांत राहतो. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

मैदानाची ओळख थोडक्यात. मुंबईच्या शर्यती आधी भायखळ्याला होत. १८८३ पासून त्या महालक्ष्मीला. हिवाळी हंगाम मुंबईत, पावसाळी हंगाम पुण्यात, लष्कराच्या जमिनीवर. दोन्हींचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे. सर्वांत मानाची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी: चार वर्षांचे घोडे, २४०० मीटर, फेब्रुवारीची सुरुवात. १९९६ साली लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. रेसकरी हा निकाल जिंकल्यावर कमी आणि हरल्यावर जास्त सांगतात.

पैसे लावायच्या दोन जागा. बुकी भाव सांगतो आणि घेतलेल्या भावाला बांधील राहतो. टोटचं तसं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या जोसेफ ऑलरने रूढ केलेली ही रीत सोपी आहे: सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा कापायचा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. म्हणजे टोटवर खेळणारा माणूस बाकीच्या गर्दीविरुद्ध खेळत असतो. सगळ्यांना आवडलेला घोडा पहिला आला तरी हातात फार काही पडत नाही. बरोबर असणं पुरत नाही. इतर चुकत असताना बरोबर असावं लागतं. रेसकोर्सवरच्या साऱ्या पद्धती म्हणजे गर्दीशी नेमकं कुठे पटवून घ्यायचं नाही, हे ठरवायच्या रीती आहेत.

यात सर्वांत मोठा वर्ग पुस्तकवाल्यांचा. शनिवारी रात्री जेवणं आटपली की चष्मा पुसून बसायचं आणि प्रत्येक घोड्याच्या मागच्या पाच-सहा शर्यती वाचायच्या. कुठल्या अंतरावर, कुठल्या वर्गात, किती वजन पाठीवर, कोण जॉकी, किती लांबीने हरला. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या. घोड्याला गुण मिळतात आणि जास्त गुणांच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढतं. ढोबळ हिशेब एका गुणाला अर्धा किलो. जिंकलेला घोडा पुढच्या वेळी जड होतो, हरत राहिलेला हलका होत जातो. सगळे घोडे एका रेषेत आणायचे हा हँडिकॅपरचा उद्योग, आणि त्याचं कुठे चुकलं ते शोधायचं हा पुस्तकवाल्याचा. तीन वेळा चौथा-पाचवा आलेला, दर वेळी जरा उशिरा सुटलेला, आता चार किलोंनी हलका झालेला आणि वर ए. संदेशसारखा जॉकी मिळालेला घोडा दिसला की त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढली जाते. पंचाईत एवढीच की असा घोडा हेरणारे शंभर जण असतात, आणि मग भाव उरत नाही.

पुण्यात पाऊस पडला की पुस्तकवाल्यांची झोप उडते. मैदान किती मऊ झालंय ते पेनेट्रोमीटरने मोजून जाहीर करतात. हिवाळ्यात महालक्ष्मीच्या टणक गवतावर सुसाट गेलेला घोडा चिखलात रुततो, आणि नाव कुणाला ठाऊक नाही असा एखादा दणकट चालीचा घोडा पुढे निघतो. काही जुने रेसकरी फक्त अशाच दिवशी पैसे काढतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. तिच्यात उरलेले दिवस गप्प बसायची सोय आहे.

घड्याळवाले त्याहून काटेकोर. पहाटेच्या सरावाच्या वेळा छापून येतात: ६०० मीटर ४० सेकंदांत, ‘सहज’. त्या ‘सहज’वर पैजा लागतात. वेळेवरून घोड्याची किंमत करायचं शास्त्र अमेरिकेत अँड्र्यू बायरने लोकप्रिय केलं. त्याचं ‘पिकिंग विनर्स’ १९७५ मध्ये आलं. कल्पना अशी की त्या दिवसाचं मैदान वेगवान होतं की संथ, ते वजा करून उरतो तो घोड्याचा स्वतःचा वेग. आपल्याकडे हे गणित अवघड जातं. सरावात पाठीवर कोण होतं, किती वजनाचा होता, त्याने लगाम किती खेचून धरला होता, यातलं काहीच सेकंदांत दिसत नाही.

मग पॅडॉकवाले. शर्यतीआधी सईस घोड्यांना गोल फिरवतो तेव्हा ही मंडळी कठड्याला टेकून उभी असतात. हातातलं पुस्तक मिटलेलं. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आलाय का? मानेवरचा घाम उकाड्याचा की घाबरल्याचा? कान मागे पाडलेत की पुढे? पाऊल लांब पडतंय की आखडून? मागच्या पायाची टाप पुढच्या पायाच्या खुणेच्या पलीकडे पडली की चाल मोकळी आहे असं समजतात. कातडीवर उन्हाची चमक आहे, पोट ओढलेलं आहे पण फासळ्या वर आलेल्या नाहीत, असा घोडा त्यांना हवा असतो. आधी पाहायचं आणि भाव नंतर बघायचा, ही त्यांची शिस्त. भाव आधी दिसला की डोळा फेव्हरिटमध्ये, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्यात, गुण शोधू लागतो. दहा मिनिटांत हे सगळं पाहून खिडकी गाठायची म्हणजे धावपळच, पण घोडा या जनावराकडे खरोखर बघणारे एवढेच लोक असतात.

भावाकडेच बघणारा वर्ग वेगळा. सकाळी पाचचा, म्हणजे शंभराला पाचशे नफ्याचा, भाव असलेला घोडा दुपारी दोनवर आला, म्हणजे कुणीतरी जाणत्याने लावलाय, असं हे मानतात. टिपवाल्यांचं तर्कशास्त्रही हेच, फक्त त्यांना तो जाणता ओळखीचा वाटतो: सईसाचा मेहुणा, ट्रेनरचा ड्रायव्हर. तबेल्यातून निघालेली बातमी पानवाल्यापर्यंत आली तेव्हाच ती भावात मुरलेली असते. बाकी जन्मतारखेचा नंबर, जॉकीच्या सदऱ्याचा रंग, घोड्याच्या नावातलं देवाचं नाव यांवर लावणारेही असतातच. मात्र १९४९ मध्ये रिचर्ड ग्रिफिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की लोक दूरच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. म्हणजे डोळे मिटून निवडणारा सरासरीने फेव्हरिटवाल्यापेक्षा जास्त घालवतो.

फेव्हरिट साधारण तीन शर्यतींत एकदा जिंकतो. हा आकडा ऐकून काहींना दुप्पट करत जायची बुद्धी होते: शंभर हरलो तर दोनशे, मग चारशे. लागोपाठ सात हरले की १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठव्याला १२,८०० काढावे लागतात. सात फेव्हरिट सलग पडायची शक्यता सतरात एक. एका हंगामात ती वेळ येतेच. घरं बुडतात ती बहुधा घोड्यापायी बुडत नाहीत, या हिशेबापायी बुडतात.

उलट टोकाला १९५६ चं जॉन केलीचं सूत्र. बेल लॅबमधल्या या शास्त्रज्ञाने आपल्या अंदाजाची सरशी जेवढी, त्या प्रमाणात भांडवलाचा हिस्सा लावा, असं गणित मांडलं. घोड्याची शक्यता तीनात एक आणि भाव तीनाचा असेल तर नवव्या हिश्शाहून जास्त लावू नये. पण शक्यता खरी चारात एकच असेल तर सरशी शून्य, आणि लावायची रक्कमही शून्य. रेसकोर्सवर आपला अंदाज एवढा चुकणं ही रोजची गोष्ट. हाँगकाँगमध्ये संगणकावर घोडे जोखून अफाट पैसा केलेल्या बिल बेंटरने १९९४ च्या निबंधात एक महत्त्वाची कबुली दिली आहे: नुसत्या स्वतःच्या आकड्यांवर भागलं नाही, त्यात गर्दीचा भाव मिसळल्यावरच गाडी रुळावर आली. हाँगकाँगचा गल्ला प्रचंड. आपल्याकडे मोठी रक्कम लावली की आपणच आपला भाव पाडतो.

छंद म्हणून सर्वांत मजेची पद्धत मला जॅकपॉटच्या भागीदारांची वाटते. लागोपाठच्या पाच शर्यतींचे विजेते सांगायचे. प्रत्येकीत दोन घोडे घेतले तर ३२ तिकिटं, तीन घेतले तर २४३. म्हणून चार मित्र पैसे काढतात आणि एका शर्यतीत एकच घोडा ‘बँकर’ धरून बाकीकडे हात सैल सोडतात. १ × २ × ३ × ३ × २ म्हणजे ३६. तो बँकर कोण आणि तिसऱ्या शर्यतीतला कुठला घोडा कापायचा, यावर होणारी भांडणं शर्यतीपेक्षा रंगतात. कापलेला घोडा जिंकला की कापणाऱ्याचं नाव पुढच्या हंगामापर्यंत निघतं.

हल्ली या सगळ्या पद्धतींवर कराचं ओझं आहे. जीएसटी २८ टक्के होता तेव्हाच कुरकुर होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, आणि तो नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. शंभराचा खेळ करायला १४० मोजायचे. तीनात एक शक्यतेचा घोडा दोनाच्या चोख भावाने घेतला तरी तीन वेळा मिळून ४२० जातात आणि ३०० परत येतात. त्यात क्लबचा वाटा अजून धरलेला नाही. जिंकलेल्या पैशावर प्राप्तिकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वळती करून मिळत नाही. एवढं ओझं पेलून वर्षअखेर फायद्यात राहीन असं म्हणणाऱ्याची पद्धत मी ऐकून घेतो, खिशाला मात्र हात लावत नाही. बेकायदा बुकीकडे कर लागत नाही, म्हणून बरेच जण तिकडे वळतात. तिथे उधारी चालते, आणि ठरलेली रक्कम संपल्यावर उठायची सोय राहत नाही.

म्हणूनच की काय, हल्ली कागदी रेसकरी अधूनमधून भेटतो. हा तिकीट काढत नाही. वहीत शर्यत, घोडा, निवडीचं कारण आणि मनातल्या मनात लावलेले शंभर रुपये लिहितो. निकाल लागला की पुढे जमा-खर्च मांडतो. पद्धत तपासायचा याहून प्रामाणिक मार्ग नाही, कारण वहीत हरलेली शर्यत विसरता येत नाही. अशा वह्यांतले अंदाज कधीकधी खरोखर चांगले निघतात. पण कँटीनच्या टेबलावर जॅकपॉटचा बँकर ठरवताना त्याचं मत कुणी विचारत नाही. त्याने आपणहून सांगितलंच, तर भागीदारांतला एक जण पहिल्यांदा हेच विचारतो: ‘तुझे किती लागलेत?’