रबरी नावेची मोटर: अंजनीवरचा हिशोब

रबरी नावेला विजेची मोटर घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती हॉर्सपॉवरची?’ विहिरीवर पाच-साडेसातचा पंप बसवणाऱ्या आपल्या खान्देशी माणसाला दुसरं सुचणार तरी काय? एरंडोलजवळच्या अंजनी धरणावर पक्षी मोजायला दोन माणसांपुरती फुगवायची नाव हवी होती, त्या निमित्ताने मी या मोटरींच्या मागे लागलो. त्यांच्या खोक्यावर हॉर्सपॉवर बहुधा नसतेच. असतो तो ‘थ्रस्ट’, म्हणजे पाणी मागे ढकलून नावेला पुढे रेटण्याचा जोर, आणि तोही पौंडात: ३०, ४०, ५५. पंचावन्न पौंड म्हणजे सुमारे २५ किलोचा रेटा. वीज लागते ती पूर्ण वेगात १२ व्होल्टवर जेमतेम ५० अँपिअर, म्हणजे ६०० वॅट. एक हॉर्सपॉवरसुद्धा भरत नाही.

तरीही ती पुरते. पावणेतीन मीटरची नाव ताशी सातेक किलोमीटरला पोचली की स्वतःच उठवलेल्या लाटेला अडते. पुढे वेग थोडा वाढवायलाही ताकद कितीतरी पटीने लागते. पुरात माणसं काढणारी पथकं रबरी बोटीला पेट्रोलचं दणकट ‘ओबीएम’, म्हणजे आउटबोर्ड मोटर, लावतात, कारण त्यांना वाहत्या पाण्याशी झुंजायचं असतं. बदकं मोजणाऱ्याला वेग नकोच, आवाज न करता जवळ जाता आलं म्हणजे झालं. विजेचं हे खूळ काही आजचं नाही. गुस्ताव ट्रुव्हे या फ्रेंच माणसाने १८८१ मध्येच पॅरिसला सीन नदीवर विजेच्या मोटरीने नाव चालवून दाखवली होती.

मोटर मोठी घ्यायला लावतो तो वारा. रबरी नाव पाण्यात कमी आणि पाण्यावर जास्त, त्यामुळे वारा तिला फुग्यासारखा ढकलतो. त्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. मे-जूनमध्ये खान्देशात पश्चिमेचा वारा सुटला की धरणाच्या उघड्या पाण्यावर काठ गाठणं जड जातं. नाव, माणसं आणि सामान मिळून सव्वादोनशे किलो धरले, तर शांत पाण्यात ३० पौंडांची मोटर भरपूर झाली. वाऱ्यासाठी मात्र मी ४० च्या खाली जाणार नाही.

आता बॅटरी. खरा पैसा इथेच लागतो आणि खरी फसगतही इथेच होते. आपल्याकडे लोडशेडिंगच्या कृपेने घरोघरी इन्व्हर्टर आहे. ‘तीच दीडशे एएचची उचलून न्या की,’ असा सल्ला मला गावात हमखास मिळाला. ती बॅटरी पन्नास किलोच्या पुढे भरते, म्हणजे नावेत न बोलणारा तिसरा माणूसच. तिच्यावर ‘एएच’ म्हणजे अँपिअर-तासांत लिहिलेली क्षमता वीस तासांत हळूहळू वापरायची असते. ५० अँपिअरने ओढली तर तेवढी मिळत नाही, आणि रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर मरते. शिवाय नाव कलंडली तर आत आम्ल सांडायची भीती. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची बॅटरी बारा किलोच्या आसपास येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पूर्ण वेगात दोन तास, निम्म्या वेगात त्याच्या कितीतरी पट. महाग आहे, पण मोटरीतले पैसे वाचवून इथे घालावेत.

मोटर घेताना मात्र वेगाच्या पाच टप्प्यांची की डिजिटल कंट्रोलची, हे विचारून घ्यावं. पाच टप्प्यांच्या स्वस्त मोटरीत कमी वेगावर काही वीज कॉइलमध्ये नुसती तापून जाते. डिजिटल कंट्रोलची मोटर हवी तेवढीच ओढते. पक्ष्यांमागे हळू हळू फिरणाऱ्याचा सगळा फायदा त्यातच आहे. वायर जाड घ्यावी, आणि बॅटरीजवळ ब्रेकर हवाच.

दुकानदार सांगत नाही ती गोष्ट काठावर कळते. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या एका दादाने मोटर खालीवर न्याहाळली आणि एकच विचारलं, “भाऊ, जायामा पंखा गुतना तं काय करशी?” धरणावर मच्छिमारांची जाळी कुठे पसरली आहेत ते नवख्याला दिसत नाही, आणि नायलॉनचा धागा दांड्यावर गुंडाळला की पंख्याची पिन तुटते. म्हणून मागे वळलेल्या पात्यांचा, गवत न पकडणारा पंखा, दोन जादा पिना, चाकू आणि वल्ही. वल्ही घरी ठेवून जाणाऱ्याने मोटर घेऊच नये. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाभळीची खोडं वर येतात, तेव्हा दांडा वर ओढता येईल असाच हवा. पंखा पाण्याखाली वीतभर तरी राहायला पाहिजे, नाहीतर तो हवा घुसळतो. एरंडोलजवळच्याच पद्मालयाच्या कमळांच्या तळ्यात तर मोटर नेण्याचं मनातही आणू नये.

आणि आपलं ऊन. सकाळी २५ अंशाला पाव बारपर्यंत भरलेल्या नावेच्या नळ्यांतली हवा उन्हात ६० अंशांना पोचली, तर तोच दाब ०.४ बारच्या जवळ जातो. स्वस्त पीव्हीसी नावेचे सांधे अशाच वेळी सुटतात. दुपारी काठावर ठेवताना थोडी हवा सोडावी, बॅटरी सावलीत ठेवावी.

कागदपत्रांचं आधी बघावं. १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला, आणि मोटर लागली की नाव यांत्रिक जलयानात मोडते. जलाशय पाटबंधारे खात्याचा, मासेमारीचा ठेका मच्छिमार संस्थेचा. दोघांनाही विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

माझं मत विचाराल तर अंजनीसाठी डिजिटल कंट्रोलची ४० ते ५५ पौंडांची मोटर आणि १०० एएचची लिथियम बॅटरी. याहून मोठं काही घेण्याऐवजी त्या पैशात दोन चांगली लाइफ जॅकेट घ्या, आणि पाण्यात असेपर्यंत ती अंगावर ठेवा.