समायोज्य वीजपुरवठा
समायोज्य वीजपुरवठा किंवा बेंच पॉवर सप्लाय हे इलेक्ट्रॉनिक परिपथांच्या चाचणीसाठी हवा तेवढा स्थिर एकदिश विद्युतदाब पुरवणारे उपकरण आहे.

रचना
घरगुती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ दाब रोहित्राने १८ व्होल्टपर्यंत उतरवल्यास, डायोड-सेतू व धारित्र यांनंतर नियामकाला सुमारे २३ व्होल्ट एकदिश दाब मिळतो. एलएम३१७ या नियामकाचा प्रदान दाब दोन रोधकांच्या गुणोत्तरावर ठरतो. एक रोधक बदलता ठेवल्यास १.२५ व्होल्टपासून पुढचा दाब निवडता येतो.

उष्णता
उरलेल्या दाबाची नियामकात उष्णता होते. १ अँपिअर धारेस १५ व्होल्ट प्रदानाला ८ वॅट, तर ५ व्होल्टला १८ वॅट उष्णता निर्माण होते. त्यामुळे हीट सिंक किमान प्रदान दाब गृहीत धरून निवडतात. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअस ओलांडते. २५ अंश गृहीत धरून निवडलेला हीट सिंक तेथे अपुरा पडू शकतो. रोहित्राला ९ व्होल्टची मधली जोडणी असल्यास कमी दाबाच्या वेळी उष्णता बरीच घटते.

धारामर्यादा
एलएम३१७ची अंतर्गत मर्यादा १.५ अँपिअरहून अधिक असते. ती नियामकाचे रक्षण करते, चाचणीतील नाजूक परिपथाचे नव्हे. त्यासाठी स्वतंत्र समायोज्य धारामर्यादा लागते. रोहित्राच्या २३० व्होल्ट बाजूस फ्यूज बसवणे आणि धातूची पेटी अर्थिंगला जोडणे अत्यावश्यक असते.