राजकन्येला कुणी विचारलंय का?

मे महिन्याची सुट्टी, बोरिवलीचा वन-रूम-किचन, टीव्हीसमोर फतकल मारून बसलेली पाच-सहा भावंडं आणि फुंकरा मारमारून चालू केलेली कॅसेट... नव्वदचं दशक असो की दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत सीन सेमच! गेम अर्थात मारिओ. पहिला रिमोट दादाकडे. दुसरा, म्हणजे हिरव्या लुइजीचा, ताईकडे. दादा आउट होईपर्यंत तिनं नुसतं बघायचं.

पण खरं सांगा, ज्या राजकन्येसाठी ही सगळी धावपळ, तिला तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ८ वर्ल्ड, प्रत्येकात ४ लेव्हल, म्हणजे एकूण ३२. पहिल्या सात किल्ल्यांत भेटतो तो मशरूमच्या टोपीवाला सेवक. राजकन्या इथे नाही, एवढं सांगून तो आपल्याला वाटेला लावतो. गेम सेव्ह करायची सोय नाही, त्यामुळे लाइट गेली किंवा आईची सिरियल लागली की पुन्हा १-१ पासून सुरुवात! हुशार मंडळी १-२ आणि ४-२ मधल्या चोरवाटांनी थेट आठव्या वर्ल्डमध्ये पोचायची, पण ८-४ म्हणजे निव्वळ भुलभुलैया. चुकीची वाट धरली की परत मागे. एवढं करून बाई भेटल्याच, तर थँक यू म्हणतात आणि आणखी कठीण खेळाला जुंपतात. बस्स, एवढाच रोल.

बरं, नावाचाही घोळ. जपानमध्ये ती पहिल्यापासून पीच. अमेरिकेत मात्र 'प्रिन्सेस टोडस्टूल', म्हणजे आपल्या भाषेत चक्क कुत्र्याची छत्री! १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'पासून तिकडेही पीच रुळलं.

मग २००५ मध्ये जपानमध्ये आला 'सुपर प्रिन्सेस पीच'. इथे मारिओ-लुइजी पकडले गेलेत आणि सोडवायला निघालीय ती. वा! पण तिची शक्ती काय, तर मूड. खूश झाली की उडते, रडली की अश्रूंनी रोपं वाढतात, चिडली की आग पेटते, शांत झाली की तब्येत सुधारते. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये 'तू फार इमोशनल आहेस' ऐकून आलेल्या कुठल्याही मुलीला हे वाचून काय वाटेल? या गेमवर टीका झाली ती उगाच नाही.

माझा आवडता सीन २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'मधला. बाउझर तिच्याशी जबरदस्तीनं लग्न लावायला निघालेला. मारिओ येतो, तिला सोडवतो आणि लगेच स्वतःच फुलं पुढे करतो. बाउझरही करतो. दोघं अक्षरशः फुलं तिच्या तोंडावर कोंबतात. ती दोघांनाही नकार देते आणि सरळ जहाजाकडे चालू लागते. ३२ लेव्हलच्या त्या गेमनंतर बरोबर ३२ वर्षांनी! कांदेपोह्यांना कंटाळलेल्या तमाम पोरींनी हा सीन बघावाच.

२०२३ च्या सिनेमात तर तीच मारिओला ट्रेनिंग देते. आणि २२ मार्च २०२४ ला निन्टेंडो स्विचवर आला 'प्रिन्सेस पीच: शोटाइम!' अख्खा गेम एका नाट्यगृहात घडतो. पीच तलवारबाज होते, डिटेक्टिव्ह होते, निंजा होते, केकही करते. मारिओ कुठेच नाही. पार्ल्या-बोरिवलीच्या नाटकवेड्यांना आवडावा असाच मामला.

तक्रार एकच. गेम फारच सोपा आहे. इतकी वर्षं किल्ल्यात बसवून ठेवलंत, आता खेळायला दिलंत तर बाईंना लेव्हलही हलकीफुलकी? ८-४ सारखा एखादा भुलभुलैया तिलाही द्या की!