म्हशाची जत्रा : खांबलिंगेश्वराच्या दारी

पौष मास लग्नमुंजींना वर्ज्य मानलेला. परंतु देवादिकांच्या यात्रांना या महिन्याने कधी पाठ दाखविलेली नाही. आमचे वास्तव्य त्र्यंबकेश्वरी. तेथे पौष वद्य एकादशीस श्रीनिवृत्तिनाथांची यात्रा भरते, आणि तिच्या अकरा दिवस आधी, पौषी पौर्णिमेस, घाटाखाली मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी खांबलिंगेश्वराची जत्रा सुरू होते. कसारा घाट ओलांडून आसनगाव स्टेशनावर उतरावे, शहापूरच्या पेठेत घोटभर चहा घ्यावा आणि किन्हवली, सरळगाव करीत मुरबाडमार्गे म्हशास पोहोचावे, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. मुरबाडला आजवर आगगाडी आलेली नाही, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

देवाचे नावच पाहा. लोक त्याला खांबलिंगेश्वर म्हणतात, कोणी नुसतेच म्हसोबा. ‘खांब’ हा आपल्या घरादारातला शब्द. पण त्याचे मूळ ‘स्कम्भ’ या वैदिक शब्दात आहे. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातील सातवे सूक्त या स्कम्भाचेच आहे. अवघे विश्व ज्याच्या आधारावर उभे आहे, तो कोण, असा प्रश्न तेथे ऋषी पुनःपुन्हा विचारतो. मुरबाडच्या शेतकऱ्याला हे सूक्त ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या घराचा आधारस्तंभ म्हणजे दारातली बैलजोडी, आणि म्हशाची ख्याती आहे ती बैलांच्याच बाजारासाठी.

भात कापून, झोडून झाले, खळी मोकळी झाली, चार पैसे गाठीस आले, की जनावर बदलण्याचा विचार निघतो. जत्रेचा काळ त्याला नेमका जुळणारा. येथला खरा मानकरी डांगी बैल. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, मध्यम बांध्याचा. त्याच्या कातडीला तेलकट ओशटपणा असल्याने सह्याद्रीच्या मुसळधार पावसातही तो चिखलणीला उभा राहतो. सौद्याची रीत ऐकण्याजोगी नव्हे, पाहण्याजोगी. तोंडाने कोणी आकडा बोलत नाही. उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो. शेजारी घोंगड्या, कोयते, घुंगुरमाळा, वेसणी आणि मिठाईची दुकाने. पूर्वेस सह्याद्रीची भिंत. तीत गोरखगड, मच्छिंद्रगड आणि तो सिद्धगड, जेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला. याच तालुक्याच्या सीमेवर नाणेघाट आहे. तेथील सातवाहनकालीन शिलालेखात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाईंची गणना हजारांत आहे. गोधनाचे माहात्म्य या मातीला आम्ही सांगावे, असे नव्हे.

तरीही आम्ही ते सांगावयास गेलो. २०१६ साली याच भागातील एका सप्ताहात आमचे कीर्तन होते. पूर्वरंगात नंदीचे निरूपण रंगले, आणि भरात येऊन आम्ही बोलून गेलो की, थकलेला बैल विकतो तो आपला बापच विकतो. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही सुखावलो.

आरती झाल्यावर एक वयस्क शेतकरी पाया पडला आणि हळूच म्हणाला, “बुवा, रागावू नका. माझे दोन्ही बैल म्हातारे झाले. गेल्या सालापासून कायदा आलाय, त्यांना गिऱ्हाईक नाही; आणि विकायचं माझ्याही जिवावर येतं. पण मळणीला यंत्र आलं, नांगराला ट्रॅक्टर आला. पेंढा विकला नाही तर दुकानदाराची उधारी फिटत नाही. वैशाखात विहीर आटते. माणसांना टँकर येतो, बुवा. बैलांचा टँकर असतो का?”

आम्ही निरुत्तर झालो. शास्त्रार्थात कोणाला हार जाणारे आम्ही नव्हे, असा आमचा समज होता. वाचकहो, त्या प्रश्नाचा अर्थ समजण्यासाठी शहापूरकडे पाहावे लागेल. तेथील तानसा तलाव १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवीत आहे, पुढे भातसा धरणाचे पाणीही त्याच वाटेने गेले. आणि त्या जलाशयांच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा मुलखात मुक्या जनावरासाठी दोन घागरी पाणी राखणे म्हणजे काय, हे आम्ही कधी हिशेबात धरलेच नव्हते. गोदावरीच्या उगमाशी राहणाऱ्याला पाण्याची गणती करण्याची सवय नसते.

तेव्हापासून ते वाक्य आम्ही कीर्तनात उच्चारीत नाही. गोसेवेवर आमची श्रद्धा तसूभरही उणावलेली नाही. पण निरूपणाच्या शेवटी गावकऱ्यांना आम्ही आता एकच विचारतो : गावच्या म्हाताऱ्या बैलांसाठी एक हौद आणि एक गंजी सामायिक राखाल काय? दोन गावांनी मान डोलावली, एका गावाने हौद बांधला. गंजीचे काम अद्याप बोलण्यावरच आहे.

तो शेतकरी गेल्या जत्रेत पुन्हा भेटला. एक बैल वैशाखात बसला तो उठला नाही, दुसरा अजून दारात आहे, असे म्हणाला. त्याच्यासाठी नवी मोरकी घेतली होती, ती आम्हांस दाखविली. मग आमच्या हातावर मिठाईचा पुडा ठेवून, मुरबाडची शेवटची एस.टी. चुकेल म्हणून लगबगीने गर्दीतून वाट काढीत निघून गेला.